सारख्याच उंचीच्या पिस्तुलांत ६, १० आणि १५ काडतुसे: हा फरक येतो कुठून?

प्रश्न थोडक्यात असा आहे. ग्लॉक ४३ आणि सिग सावर पी३६५ ही दोन्ही कपड्यांखाली बाळगायची ९ मिमीची पिस्तुले. उंची जवळपास तीच, जाडीही इंचाच्या आसपास. मग एकाच्या मॅगझिनमध्ये (मुठीत घालायच्या काडतुसांच्या डबीत) ६ काडतुसे आणि दुसऱ्याच्या १०, असे कसे? ग्लॉक ४३एक्स तर ग्लॉक १९ एवढेच उंच आहे, तरी त्यात १५ ऐवजी १०च का? आणि पिस्तूल निवडताना या आकड्याला किती वजन द्यायचे?

आधी मोजमापे समोर ठेवतो. ग्लॉक ४३ ची उंची १०८ मिमी, मॅगझिन ६ काडतुसांचे. पी३६५ ची उंची सुमारे १०९ मिमी, मॅगझिन १० चे. ग्लॉक २६ या दोघांहून किंचित बुटके, १०६ मिमी, तरी त्यात १० मावतात. पण त्याची मूठ चांगलीच जाड आहे. वरच्या गटात ग्लॉक ४३एक्स आणि ग्लॉक १९ दोन्ही १२८ मिमी उंच. पहिल्याची एकूण जाडी २८ मिमी आणि काडतुसे १०, दुसऱ्याच्या पाचव्या पिढीची जाडी बाजूच्या कळा धरून ३४ मिमी आणि काडतुसे १५. म्हणजे उंची तीच असताना जे काही कमीजास्त होते ते आडव्या मापात होते. आणि पी३६५ कडे पाहिले तर बाहेरची जाडी न वाढवताही ते करता येते. गंमत इथेच आहे.

आकड्यांची तुलना करण्याआधी एक पथ्य पाळा: छापलेला आकडा नेमका कोणत्या मॅगझिनचा आहे ते पाहा. स्प्रिंगफील्ड हेलकॅटला ११ आणि १३ अशी दोन मॅगझिने मिळतात. मुठीशी सपाट बसते ते ११ चे. १३ चे मुठीखाली बाहेर येते. स्मिथ अँड वेसनच्या शील्ड प्लसचे तसेच, १० आणि १३. पी३६५ ला सपाट १० चे, आणि लांब १२ व १५ ची. जाहिरातीत मोठा आकडा असतो आणि फोटो छोट्या मॅगझिनचा. सपाट मॅगझिनची तुलना सपाटशीच करा. ‘१०+१’ मधला १ म्हणजे चेंबरमध्ये, गोळी जिथून सुटते त्या कप्प्यात, आधीच चढवलेले काडतूस. तो मॅगझिनच्या क्षमतेत धरत नाहीत.

रुंदीचे गणित

९ मिमी पॅराबेलम काडतुसाचा तळ साधारण ९.९ मिमी व्यासाचा असतो. मॅगझिनची आतली रुंदी जेमतेम तेवढीच असेल तर काडतुसे एकावर एक सरळ बसतात आणि प्रत्येक काडतूस ९.९ मिमी उंची खाते. ही एकेरी रांग. रुंदी वाढवली की एक काडतूस डावीकडे, पुढचे उजवीकडे सरकते, दोघे एकमेकांच्या खोबणीत बसतात आणि प्रत्येकामागे लागणारी उंची कमी होते. पूर्ण दुहेरी रांगेत ती निम्म्यावर येते.

पण ती सरळ प्रमाणात कमी होत नाही. नव्या माणसाचा अंदाज इथे हमखास चुकतो. व्यास ९.९ मिमी आणि रुंदीतली वाढ ‘व’ धरा. मग दर काडतुसाला लागणारी उंची म्हणजे व्यासाच्या वर्गातून ‘व’ चा वर्ग वजा करून काढलेले वर्गमूळ. शाळेतला काटकोन त्रिकोण, दुसरे काही नाही. काडतुसांसाठी ६० मिमी उंचीची नळी आहे असे धरून हिशेब करू. एकेरी रांगेत ६ बसतात. रुंदी ४ मिमीने वाढवली, तरी ६च. ६ मिमीने वाढवली तर ७. ७ मिमीने, ८. ८ मिमीने, ९. आणि साडेआठ मिमीच्या थोडे पुढे, म्हणजे आतली रुंदी साधारण १८.५ मिमी झाली, की एकदम ११. पहिल्या चार मिलिमीटरनी एकही काडतूस दिले नाही, शेवटच्या अर्ध्या मिलिमीटरने दोन दिली. त्याच्याही पुढे रुंदी वाढवून काही मिळत नाही, कारण एकाच बाजूची काडतुसे आता एकमेकांवरच टेकलेली असतात.

प्रत्यक्षात आकडे याहून थोडे कमी येतात, कारण दुहेरी रांग वर एकेरी करावी लागते. पिस्तुलांच्या बहुतेक दुहेरी मॅगझिनांत नळी वरच्या टोकाला निमुळती होत जाते आणि काडतूस मधोमध एकाच जागेवरून बाहेर येते. त्या निमुळत्या भागात वाचलेली उंची परत जाते. निमुळता भाग आखूड केला तर काडतुसे जास्त मावतात, पण दोन रांगा एका रांगेत येताना जी ढकलाढकली होते ती तीव्र होते. लांब केला तर भरवणी सुरळीत चालते आणि क्षमता जाते. लहान पिस्तुलाच्या मॅगझिनची खरी कारागिरी या निमुळत्या भागात असते.

यातून एक व्यावहारिक निष्कर्ष निघतो. ‘दीड रांग’ (एकेरी आणि पूर्ण दुहेरीच्या मधली) म्हणून विकली जाणारी मॅगझिने सगळी सारखी नसतात. काठावरचा अर्धा मिलिमीटर कोणी वाचवला, हे बाहेरून दिसत नाही. क्षमतेच्या आकड्यातच दिसते.

हा अर्धा मिलिमीटर येतो कुठून

मुख्यतः भिंतींतून. मुठीची बाहेरची जाडी म्हणजे मुठीच्या दोन भिंती, मॅगझिनच्या दोन भिंती, मधली सरकायची मोकळीक आणि उरलेली जागा काडतुसांना. ग्लॉकच्या मॅगझिनमध्ये पोलादी अस्तराभोवती प्लास्टिकचे जाड कवच असते. हे मॅगझिन पडले, आपटले तरी चेपत नाही, गंजत नाही, ही त्याची जमेची बाजू. पण दोन्ही बाजूंना जागा खाते. पी३६५, हेलकॅट, शील्ड प्लस यांची मॅगझिने नुसत्या पोलादी पत्र्याची. भिंत पातळ, म्हणून बाहेरचे माप तेच ठेवून आतली रुंदी जास्त.

याचा सरळ पुरावा ४३एक्सच्याच बाबतीत मिळतो. मूळ मॅगझिन १० चे. शील्ड आर्म्स या कंपनीचे एस१५ हे पोलादी मॅगझिन त्याच मुठीत, तळ न वाढवता, १५ काडतुसे घेते. पिस्तूल बदलले नाही, फक्त भिंत पातळ झाली. मात्र त्याची किंमत आहे. ४३एक्सचा मॅगझिन कॅच, म्हणजे मॅगझिनला खाचेत अडकवून धरणारा खटका, मूळचा प्लास्टिकचा असतो. पोलादी मॅगझिनची खाच त्याला घासून झिजवते आणि मग मॅगझिन सैल बसू लागते किंवा गोळीबारात सुटते. म्हणून अशा मॅगझिनबरोबर धातूचा कॅच बसवावा लागतो. तो बसवला की उलटा प्रश्न येतो: धातूचा कॅच मूळ प्लास्टिक मॅगझिनची खाच खातो. दोन्ही प्रकारची मॅगझिने आलटून पालटून वापरू नका. एक पद्धत ठरवा आणि तीच ठेवा.

इतिहास पाहिला तर दुहेरी रांग नवी नाही. डियूदोने सैव्ह या रचनाकाराने घडवलेले १३ काडतुसांचे दुहेरी मॅगझिन १९३५ च्या ब्राउनिंग हाय पॉवरमध्ये होते. लहान पिस्तुलातही केल-टेक पी-११ ने १९९५ मध्ये १० काडतुसे बसवली होती. पण पातळ मुठीची ९ मिमीची पिस्तुले दीर्घकाळ ६ ते ८ वरच अडकली होती: २०११ चे रूगर एलसी९ ७ चे, २०१२ चे स्मिथ अँड वेसन शील्ड ७ आणि ८ चे, २०१५ चे ग्लॉक ४३ ६ चे. २०१८ मध्ये पी३६५ आले आणि ६-७ वाल्यांना उत्तर द्यावे लागले. २०१९ मध्ये हेलकॅट आणि ४३एक्स, २०२१ मध्ये शील्ड प्लस आणि रूगर मॅक्स-९. आज याच घराण्यात १२ चे पी३६५एक्सएल, १५ चे हेलकॅट प्रो, १७ चे पी३६५ एक्स-मॅक्रो आहे. हे शेवटचे तिन्ही मुठीची उंची वाढवून मिळवलेले आकडे आहेत, रुंदीची जादू तीच जुनी.

तळाशी काय असते

नळीची सगळी उंची काडतुसांना मिळत नाही. पूर्ण दाबलेली स्प्रिंग, फॉलोअर (स्प्रिंगवर बसून काडतुसांना वर ढकलणारा तुकडा) आणि तळपट्टी (मॅगझिनचे खालचे झाकण) मिळून बराच भाग खातात. एक काडतूस जास्त बसवायचे तर फॉलोअर बुटका करावा लागतो, किंवा स्प्रिंगचे वेढे कमी करावे लागतात. फॉलोअर बुटका झाला की तो नळीत डोलतो, पुढे झुकतो. वेढे कमी झाले की उरलेल्यांवर ताण जास्त येतो. म्हणून बाहेरून सारखी दिसणारी १० ची आणि १२ ची मॅगझिने आतून वेगळ्या जातीची असू शकतात.

भरलेल्या मॅगझिनमध्ये थोडी मोकळीक उरलीच पाहिजे. तपासायची रीत सोपी: मॅगझिन पूर्ण भरा, वरचे काडतूस अंगठ्याने दाबा. ते काही मिलिमीटर खाली जाऊन परत वर आले पाहिजे. दगडासारखे घट्ट असेल तर स्लाइड (पिस्तुलाचा वरचा, मागेपुढे सरकणारा भाग) बंद असताना ते मॅगझिन पिस्तुलात धड बसणार नाही. स्लाइडचा तळ वरच्या काडतुसाला खाली दाबतो. त्याला खाली जायला जागाच नसेल तर कॅच खाचेत पडत नाही. अर्धवट बसलेले मॅगझिन दिसायला ठीक दिसते आणि पहिल्या गोळीनंतर खाली पडते. भरलेले मॅगझिन घातल्यावर तळावर तळहाताने ठोका द्या आणि मग तळ धरून खाली ओढून पाहा. हे दरवेळी.

नव्या, गच्च मॅगझिनांत शेवटची एक-दोन काडतुसे अंगठ्याने बसवणे अवघड जाते. पूर्ण भरून काही दिवस तशीच ठेवली की स्प्रिंग थोडी बसते आणि काम सोपे होते. मॅगझिन लोडर घ्याच. छोट्या दुहेरी मॅगझिनच्या धारेने अंगठ्याचे टोक सोलवटते. महिनाभरानंतरही शेवटचे काडतूस जबरदस्तीनेच जात असेल, तर त्यात एक कमी भरा. आठ-नऊच भरून नीट चालणारे मॅगझिन अडखळणाऱ्या दहाहून बरे.

भरून ठेवल्याने स्प्रिंग मरते, ही भीती मोठी पसरलेली आहे. चांगल्या स्प्रिंगची झीज मुख्यतः दाबणे-सोडणे या फेऱ्यांनी होते, नुसत्या दाबून ठेवण्याने नव्हे. पण यात एक तळटीप आहे: कमी वेढ्यांत जास्त काडतुसे कोंबलेली मॅगझिने स्प्रिंगला तिच्या मर्यादेजवळ नेतात, म्हणून तिथे झीज लवकर येते. रोज जवळ बाळगायच्या छोट्या मॅगझिनांच्या स्प्रिंगा काही वर्षांनी बदलणे हा स्वस्त उपाय आहे.

जास्त क्षमतेची छोटी मॅगझिने का अडखळतात

लहान पिस्तुलाची स्लाइड हलकी आणि आखूड असते. ती मागे झटकन जाते, झटकन परत येते. तेवढ्या वेळात मॅगझिनच्या स्प्रिंगने पुढचे काडतूस वर आणलेले असले पाहिजे. मोठ्या पिस्तुलात या कामाला वेळ जास्त मिळतो. लहानात जेमतेम. त्यात निमुळत्या भागातले घर्षण मिळवा.

बिघाड बहुधा मॅगझिनच्या दोन टोकांना येतो. पूर्ण भरलेल्या अवस्थेत स्प्रिंग सर्वांत जोरात ढकलते, वरचे काडतूस स्लाइडच्या तळाला घासते, ओठांतून (मॅगझिनच्या तोंडाच्या आत वळलेल्या कडांतून) सुटायला जास्त ताकद लागते. पहिले किंवा दुसरे काडतूस अर्ध्यात अडकते, स्लाइड पूर्ण बंद होत नाही. एक काडतूस कमी भरून तक्रार गेली तर कारण तेच. दुसरे टोक शेवटच्या एक-दोन काडतुसांचे. तिथे स्प्रिंग सर्वांत लांब आणि सर्वांत दुबळी असते. काडतूस वेळेत वर येत नाही, स्लाइड त्याच्यावरून निघून जाते किंवा मध्यावर आदळते. काडतूस नाक खाली घालून पुढच्या भिंतीत रुतले, तर फॉलोअर झुकतो आहे किंवा स्प्रिंग उलटी बसली आहे.

शेवटच्या गोळीनंतर स्लाइड उघडी राहिली नाही तर लगेच मॅगझिनला दोष देऊ नका. आखूड पिस्तुलावर दोन्ही अंगठे स्लाइड स्टॉपवर (स्लाइड उघडी धरणाऱ्या कळीवर) टेकतात आणि तो वर येऊच शकत नाही. दुसऱ्याच्या हाती देऊन पाहा. तिथेही तसेच झाले तर स्प्रिंग बघा.

तळाला लावायच्या ‘+१’, ‘+२’ टोप्यांमधून सर्वाधिक तक्रारी उगवतात, आणि कारण जवळजवळ नेहमी एकच असते: टोपी लांब, स्प्रिंग जुनीच. नळी लांबली, स्प्रिंग लांबली नाही. शेवटच्या काडतुसांवर तिचा जोर उरत नाही. टोपीबरोबर लांब स्प्रिंग येत नसेल तर ती टोपी सरावापुरती ठेवा. पिस्तूल बनवणाऱ्याच कंपनीचे लांब मॅगझिन मिळत असेल तर टोपीच्या भानगडीत पडूच नये.

लांब मॅगझिन बुटक्या मुठीत चालते, उलटे होत नाही. ग्लॉक १७ चे १७ वाले आणि १९ चे १५ वाले मॅगझिन २६ मध्ये बसते; २६ चे १० वाले १९ मध्ये कॅचपर्यंत पोहोचत नाही. पी३६५ घराण्यातही तेच. पण नावावर जाऊ नका: ग्लॉक ४३ आणि ४३एक्स यांची मॅगझिने एकमेकांत चालत नाहीत, आणि जुन्या शील्डची मॅगझिने शील्ड प्लसमध्ये घालायची नाहीत. लांब मॅगझिन बुटक्या मुठीत घालताना आणखी एक धोका: स्लाइड उघडी असताना जोरात ठोकले तर ते ठरलेल्या जागेच्या वर जाऊन इजेक्टरवर (रिकामे केस बाहेर फेकणाऱ्या दांड्यावर) आदळू शकते. त्यासाठी मधली पोकळी भरणारी कॉलरवजा बाही मिळते. ती घट्ट बसणारी घ्या, घसरणारी बाहीच मग मॅगझिनला पूर्ण वर जाऊ देत नाही.

चेंबरमधले जादा काडतूस

१०+१ करायचे तर मॅगझिनमधून पहिले काडतूस स्लाइडने चढवा, बॅरलचे (गोळी जाते त्या नळीचे) तोंड सुरक्षित दिशेला आणि बोट ट्रिगरबाहेर ठेवून मॅगझिन काढा, त्यात एक काडतूस भरा, परत घाला. काडतूस हाताने थेट चेंबरमध्ये टाकून त्यावर स्लाइड सोडू नका. बहुतेक पिस्तुलांत काडतुसाची कड खालून सरकत एक्स्ट्रॅक्टरखाली (केस चेंबरमधून ओढून काढणाऱ्या आकड्याखाली) जाते. थेट टाकल्यास एक्स्ट्रॅक्टरला कडेवरून उडी मारावी लागते आणि त्याची टोच तुटू शकते.

दुसरी चूक रोजची. पिस्तूल दररोज रिकामे करून तेच काडतूस पुन्हा पुन्हा चढवले की गोळी रॅम्पवर (चेंबरच्या तोंडाशी असलेल्या उतारावर) आपटून केसमध्ये, म्हणजे काडतुसाच्या धातूच्या नळकांडीत, मागे सरकत जाते. आतली जागा कमी झाली की दाब वाढतो, आणि ९ मिमीत तो धोकादायक वाढू शकतो. चढवून काढलेले काडतूस पेटीतल्या नव्याशेजारी उभे करून लांबी ताडून पाहा. आखूड दिसले तर ते पुन्हा झाडायचे नाही, बाजूला काढायचे. काडतुसे आलटून पालटून वापरा. त्याहून चांगले म्हणजे विनाकारण रिकामे करू नका, होल्स्टरसकटच कुलुपात ठेवा.

कॅलिबरने किती फरक पडतो

.४० स्मिथ अँड वेसनचा तळ साधारण १०.८ मिमी. म्हणून ग्लॉक १९ च्याच मापाच्या ग्लॉक २३ मध्ये १५ च्या जागी १३, आणि २६ च्या मापाच्या २७ मध्ये १० च्या जागी ९. .४५ एसीपीचा तळ १२ मिमीच्या वर जातो. तिथे पातळ मूठ आणि क्षमता यांचे जमतच नाही. १९११ पिस्तुलाचे मूळ मॅगझिन ७ चे होते ते उगाच नव्हे.

.३८० एसीपीबद्दल गैरसमज आहे की छोटे काडतूस म्हणून जास्त मावतात. त्याचा तळ सुमारे ९.५ मिमी, ९ मिमी पॅराबेलमहून फक्त ४ टक्के लहान. उंचीत त्याने काही मोठा फायदा होत नाही. ते लांबीला आखूड आहे: २५ मिमी, पॅराबेलम ३० मिमीच्या जवळ. त्यामुळे मूठ पुढून मागे लहान होते आणि आखूड बोटांच्या हातात नीट बसते. रूगर एलसीपी २००८ मध्ये ६ काडतुसांचे होते, २०२१ चे एलसीपी मॅक्स १० चे, कॅलिबर तेच .३८०, बदलली ती रांग.

व्यास कमी केला तर खरेच आकडा वाढतो, हे २०२२ मध्ये आलेल्या .३० सुपर कॅरीने दाखवले. त्याचा तळ पावणेनऊ मिमीच्या आसपास. शील्ड प्लसमध्ये ९ मिमीची १० आणि १३ ची मॅगझिने त्यात १३ आणि १६ ची झाली. पण काडतूस लोकप्रिय झाले नाही, आणि सरावाचा दारूगोळा सहज मिळत नसेल तर तीन जादा काडतुसांचा उपयोग कागदावरच राहतो.

.३२ एसीपीची गोष्ट निराळी. त्याच्या तळाला किंचित बाहेर आलेली कड असते. वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेमागे गेली की दोन्ही अडकून बसतात आणि मॅगझिन काढून सुट्टे केल्याशिवाय सुटत नाहीत. पोकळ तोंडाची गोळी आखूड असते, त्यामुळे काडतुसाला मॅगझिनमध्ये पुढेमागे सरकायला जागा मिळते आणि हा प्रकार वाढतो. .३२ मध्ये पूर्ण लांबीची गोल नाकाची गोळी भरा. भरताना प्रत्येक काडतूस मागच्या भिंतीकडे न ढकलता कड खालच्याच्या पुढे आहे हे बघत भरा.

मग निवड कशी करायची

लपवायला सर्वांत कठीण भाग म्हणजे मूठ. बॅरल आणि स्लाइड कमरेच्या पट्ट्याखाली जाते. ती दोन सेंटिमीटर लांब असली तरी कपड्यावर उमटत नाही, उलट पिस्तूल शरीराला धरून बसते. मूठ मात्र पट्ट्याच्या वर राहते आणि वाकलात की तिचे मागचे टोक शर्टला तंबूच्या खांबासारखे उचलते. म्हणून क्षमता वाढवण्याच्या दोन वाटांपैकी मूठ उंच करणे ही महागडी वाट आहे, आणि मूठ चारेक मिमी जाड करणे ही बरीच स्वस्त. शरीरयष्टी बारीक आणि कपडे अंगासरशी असतील तरच जाडी खुपते.

दुसरीकडे, करंगळीला जागा देणारी मूठ पकडीवर मोठा परिणाम करते. तीन बोटांनी धरलेले पी३६५ आणि चार बोटांनी धरलेले तेच पिस्तूल, यांच्या दुसऱ्या गोळीच्या वेळेत आणि नेमात जो फरक पडतो, तो १० आणि १२ या आकड्यांतल्या फरकाहून मोठा असतो. माझा कौल असा: करंगळी पूर्ण बसेल एवढी किमान उंची आधी ठरवा, ती लपते का हे आपल्या रोजच्या कपड्यांत आठवडाभर पाहा, आणि मग त्या उंचीत सर्वांत जास्त काडतुसे कोण विश्वासाने देते ते बघा. आकड्यावरून सुरुवात केली की नेमके उलटे होते: १५ चे पिस्तूल घेतले जाते आणि घरी राहते.

लोकप्रिय आणि चांगली तडजोड म्हणजे पिस्तुलात सपाट मॅगझिन, जादा म्हणून लांब मॅगझिन. अंगावरच्या मुठीची उंची वाढत नाही, आणि दुसरे मॅगझिन खिशात किंवा पाऊचमध्ये दोन सेंटिमीटर लांब असले तर कोणाला कळत नाही. जादा मॅगझिनचे मुख्य काम काडतुसांची संख्या वाढवणे नाही. अर्धस्वयंचलित पिस्तुलात बिघाडाचे सर्वांत सामान्य मूळ मॅगझिनच असते. ते टाकून दुसरे घालणे हाच बऱ्याच वेळा उपाय. ६ च्या पिस्तुलासोबत हे जितके लागू तितकेच १५ च्या.

वजनाचा हिशेब सोपा आहे. १२४ ग्रेनच्या (सुमारे ८ ग्रॅमच्या) गोळीचे एक ९ मिमी काडतूस साधारण १२ ग्रॅम. १० वरून १५ वर गेलात की ६० ग्रॅम वाढले, तेही मुठीत. चांगल्या कडक पट्ट्यावर ते जाणवत नाही. मऊ पट्ट्यावर मूठ बाहेरच्या बाजूला कलंडते.

अमेरिकेत कायदा हा आकडा परस्पर ठरवतो. १९९४ ते २००४ या काळात केंद्रीय कायद्याने नव्या मॅगझिनांवर १० ची मर्यादा होती. आज ती केंद्रात नाही, पण काही राज्यांत आहे: कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क, न्यू जर्सी इथे १०, कोलोरॅडोत १५, इलिनॉयमध्ये हातबंदुकीसाठी १५, डेलावेअरमध्ये १७. यांवर खटले चालू असतात, म्हणून राज्याची सीमा ओलांडण्याआधी त्या दिवसाचा नियम पाहावा. मर्यादा मॅगझिनच्या क्षमतेवर असते. १५ च्या मॅगझिनमध्ये १०च भरून ती पाळली असे सहसा होत नाही. १० च्या राज्यात ग्लॉक १९ घेतले तर कंपनी त्याच मापाचे पण आतून अडवलेले १० चे मॅगझिन देते. जाडी १५ ची, काडतुसे १०. तिथे ४३एक्स किंवा पी३६५ जास्त शहाणपणाचे. १९ घ्यायचे तर हाताला मोठी मूठ मानवते म्हणून घ्यावे.

तपासणी आणि देखभाल

प्रत्येक मॅगझिनच्या तळावर रंगाने क्रमांक टाका. सरावाची साधी काडतुसे तीनदा पूर्ण भरून झाडा, आणि जी रोज बाळगणार ती दोनदा. १२ ची दोन मॅगझिने असतील तर ७२ साधी आणि ४८ बाळगण्याची. पोकळ तोंडाच्या गोळीची भरवणी गोल नाकाच्या गोळीवरून ओळखता येत नाही, म्हणून ही दुसरी फेरी टाळू नका. यातला थोडा भाग एका हाताने, कमजोर पकडीत झाडा. छोटी पिस्तुले सैल मनगटाला लगेच रुसतात. बिघाड झाला की क्रमांक, कितवे काडतूस आणि प्रकार लिहून ठेवा. तोच बिघाड सगळ्या मॅगझिनांत आला तर दोष पिस्तुलाचा: एक्स्ट्रॅक्टर, रिकॉइल स्प्रिंग किंवा चेंबर. एकाच क्रमांकात आला तर त्या मॅगझिनचे ओठ दुसऱ्याशी ताडून पाहा. पोलादी ओठ पडून पसरतात. पकडीने वाकवून सरळ करायच्या फंदात न पडता ते मॅगझिन सरावाला टाका.

अंगावर राहणाऱ्या मॅगझिनमध्ये कपड्याचे तंतू आणि घाम जातो. दोन-तीन महिन्यांनी उघडा. डोळ्यांवर चष्मा, तळपट्टी सरकवताना अंगठा सतत स्प्रिंगवर, कारण गच्च मॅगझिनची स्प्रिंग खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाते. बाहेर काढण्याआधी स्प्रिंगचे वरचे टोक कोणत्या बाजूला आहे त्याचा फोटो घ्या. नळी कोरड्या कापडाने पुसा, आत तेल घालू नका. तेल धूळ धरते आणि प्रायमरपर्यंत (काडतुसाच्या तळातल्या ठिणगी देणाऱ्या टिकलीपर्यंत) झिरपू शकते. पोलादी मॅगझिनला घामाने गंज येत असेल तर फक्त बाहेरून तेलाचा हात फिरवून लगेच कोरडे पुसा. जोडल्यावर फॉलोअर बोटाने तळापर्यंत दाबून सोडा. कुठेही न अडखळता तो ओठांपर्यंत एका झटक्यात वर आला पाहिजे.